कोणत्या गल्लीला कधी

करुणा म्हणली, बाबा, तेवीस किलोच्या दोन बॅगा,
त्यात लोखंड आणू नका.

लोखंड म्हणजे ही चावी.
साडेचार फूट. वर आडवी दांडी,
खाली चौकोनी तोंड, झिजून गोल व्हायला आलेलं.
बत्तीस वर्षं ही फिरवली की
नानलपेठेत हंडे वाजायचे.

कोणत्या गल्लीला कधी,
ते ऑफिसच्या वहीत एक, माझ्यापाशी दुसरं.
उरुसात दर्गा रोडला एक दिवस जादा, वहीत नाही.
मयतीच्या घरी रात्रीतून अर्धा तास, वहीत नाही.
लग्नाला मात्र नाही. लग्नाला टँकर परवडतो.
एकदा एका नगरसेवकानं रात्री दोनला उठवलं,
पाहुणे आलेत म्हणला.
मी म्हणलं, कुणी मेलं तर येतो.
तीन महिने पगार थांबला.
चंद्रकलानं बांगडी मोडली, बोलली काही नाही.

गेल्या साली राहून आलो लिमरिकला.
लेक नर्स, जावई त्याच हॉस्पिटलात,
नात दोघांच्या ड्युट्यांमधल्या फटीत वाढायली.
तिथं नळ जात नाही. कधीच.
मी विचारलं, मग बायका भेटतात कधी?
करुणा हसली. मग गप बसली.
मग भांडी घासायला लागली, नळ पूर्ण सोडून.

पहाटे तीनला मला जाग यायची.
खाली जाऊन नळाला कान लावायचो.
नात उठून आली एकदा, चार वर्षांची,
आबा, काय करायले?
ऐकायलो, म्हणलं, कोणत्या गल्लीला आलं ते.
तिनंबी कान लावला.
लई वेळ दोघं तसेच.
तेवढ्यासाठी जायलो.
बाकी पेन्शन इथंच जमा होणार आहे.

चंद्रकला आठ दिवसांपासून बॅग भरती, तोलती, उपसती.
येसर बसलं. वाळलेली अंबाडी बसली.
माझा स्वेटर निघाला, तो म्हणे तिथं मिळतो.
शेजारीण विचारती, कधी जायलाव?
ही म्हणती, मंगळवारी,
नळाचा वार सांगावा तसं.

चावी मोईनला दिली. कंत्राटी पोरगा, आठ हजारावर.
नकाशा मोबाईलवर टाका, चाचा.
नकाशा नाही, म्हणलं, चल पायी.
दोन रात्री फिरवला.
हा उलटा उघडतो.
ह्याच्यावर डांबर टाकलंय, टाच आपटून आवाज बघ.
इथं विंचू असतो, आधी पाणी ओत.
हे घर एकट्या म्हातारीचं, उंचावर आहे,
शेवटची दहा मिनिटं तिच्यासाठी धर.
त्यानं सगळं रेकॉर्ड केलं.
पुन्हा ऐकतो म्हणला. ऐकतो का कुणास ठाऊक.

बनी तो बनी, नाही तर परभणी,
जुनी माणसं म्हणायची, कुठंच नाही जमलं की हिकडं या.
हिकडून जाणाऱ्यानं काय म्हणायचं,
ते कुणी करून ठेवलं नाही.

मंगळवारी पहाटे गाडी आली, हैदराबादला सोडणारी.
खंडोबा बाजाराच्या वळणावर
झाकणातून पाणी वर यायलेलं.
थांबव, म्हणलं. चंद्रकला म्हणली, विमान.
उतरलो. नवे बूट.
गुडघ्यावर बसून हात घातला आत, कोपरापर्यंत.
हातानं ते आवळत नाही, मला माहिती होतं.
मोईनला फोन लावला. वाजला. वाजला.
ड्रायव्हरनं रुमाल दिला.

वसमत रोड लागेस्तोवर कुणी बोललं नाही.
मग चंद्रकला खिडकीकडं तोंड करून म्हणली,
आज आपला वार होता.
पाइप शेजारणीच्या हौदात सोडून आले मी.